लग्नसराईआधी रॅम कशी तोलली: अल्बम डिझाइनच्या तीन संगणकांचे प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी लग्नाचे अल्बम डिझाइन करणारे एक छोटे दुकान. संगणक तीन, तिन्ही एकाच वेळी घेतलेले आणि एकाच घडणीचे: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, दोनच रॅम स्लॉटचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि ८ जीबीची एकच डीडीआर४-२६६६ रॅम स्टिक (डीडीआर४ ही रॅमची पिढी, २६६६ हा तिचा वेग). दोन संगणकांवर फोटोशॉपमध्ये १२×३६ इंची करिज्मा अल्बमच्या शीट लावल्या जातात. तिसऱ्यावर ऑर्डर, बिले, पत्रिकांचे कोरलड्रॉ आणि ग्राहकाला प्रूफ दाखवणे चालते.

तक्रार नेहमीचीच. पाच-सहा शीट झाल्या की फोटोशॉप अडखळते, लेअर सरकवला की चित्र उशिरा हलते आणि अधूनमधून ‘स्क्रॅच डिस्क भरली’ असा संदेश येऊन काम थांबते (रॅम अपुरी पडली की फोटोशॉप डिस्कवरची जी जागा वापरते, ती स्क्रॅच डिस्क). तुळशीचे लग्न झाले की कामाची रांग लागणार होती. विक्रेत्याने तिन्ही संगणक बदलून डीडीआर५ची नवी यंत्रे घेण्याचा सल्ला दिला होता, तर दुसऱ्याने प्रत्येकात ‘अजून एक आठची’ घालायला सांगितले होते. एक सल्ला गरजेपेक्षा मोठा होता, दुसरा गरजेपेक्षा लहान. ते कसे ठरले, त्याची ही नोंद.

आधी तुटवडा मोजला

रॅम विकत घ्यायच्या आधी सध्याची रॅम कुठे कमी पडते हे आकड्यांत दिसले पाहिजे. त्यासाठी पैशाचे एकही साधन लागत नाही. टास्क मॅनेजरमधल्या मेमरीच्या पानावर चार गोष्टी पाहिल्या: वेग २६६६, वापरलेले स्लॉट २ पैकी १, हार्डवेअरसाठी राखीव सुमारे २ जीबी आणि ‘कमिटेड’चा, म्हणजे सगळ्या प्रोग्रामनी मिळून मागितलेल्या मेमरीचा, आकडा. या प्रोसेसरमधले ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, मुख्य रॅममधूनच वाटा घेते. म्हणजे खोक्यावर ८ जीबी लिहिलेले असले तरी विंडोजच्या हाती ५.९ जीबीच उरत होते. भरगच्च शीट उघडल्यावर कमिटेड १७ जीबीच्या आसपास पोचले. हातातल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट मागणी, आणि वरचा भार एसएसडीवरच्या पेजफाइलवर, म्हणजे विंडोज रॅमऐवजी वापरते त्या फाइलवर, पडत होता.

फोटोशॉप स्वतःच याहून नेमके सांगते. खिडकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात जी माहितीपट्टी असते, तिच्या बाणावर क्लिक करून ‘एफिशियन्सी’ निवडावी. हा आकडा १०० टक्क्यांखाली आला की स्क्रॅच डिस्कचा वापर सुरू झाला असे समजावे. इथे तो साठीच्या आत घसरत होता. त्याच यादीत ‘स्क्रॅच साइझेस’ आहे: डावीकडचा आकडा उघड्या चित्रांना लागणारी मेमरी, उजवीकडचा फोटोशॉपला मिळालेली. दिसले ते १२ जीबी विरुद्ध ४.१ जीबी. ४.१ का, तर फोटोशॉप मूळ सेटिंगमध्ये उपलब्ध रॅमच्या ७० टक्के घेते आणि ५.९ चे ७० टक्के तेवढेच होतात.

१२ जीबी ऐकून दुकानमालकाला नवल वाटले, कारण पीएसडी फाइल त्याहून कितीतरी लहान होती. हिशेब सोपा आहे. १२×३६ इंच ३०० डीपीआयने म्हणजे ३६००×१०८०० पिक्सेल, सुमारे ३.८९ कोटी. आरजीबी ८ बिटमध्ये पिक्सेलमागे ३ बाइट, म्हणून पूर्ण शीटभर पसरलेला एक लेअर सुमारे ११७ एमबीचा. १६ बिटमध्ये काम केले तर २३३ एमबी. पार्श्वभूमी, चार-पाच फोटो, सावल्या, टेक्श्चर, मास्क, आणि त्यावर हिस्टरीतली प्रत्येक पायरी मेमरीत जपलेली. दोन शीट एकदम उघड्या ठेवल्या की १२ जीबी सहज भरतात. डिस्कवर फाइल दाबून ठेवलेली असते, मेमरीत ती उलगडलेली असते.

विंडोज, ब्राउझर, व्हॉट्सॲप आणि बाकीचे मिळून ५ जीबी धरले तर डिझाइनच्या एका संगणकाची खरी गरज १७ जीबी. ग्राफिक्सचे २ जीबी वेगळे. ते कमी करून चालणार नव्हते, कारण फोटोशॉपच्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या सोयींसाठी निदान १.५ जीबी ग्राफिक्स मेमरी अपेक्षित असते. ‘अजून एक आठची’ हा सल्ला इथेच बाद झाला. १६ जीबीतून १४ हाती येतात, त्यातले फोटोशॉपला पावणेदहा. अडखळणे कमी झाले असते, थांबले नसते.

स्टिकवर लिहिलेले आणि न लिहिलेले

बाजारात रॅमची जाहिरात मुख्यतः वेगावर चालते, त्यामुळे कोणता गुण किती महत्त्वाचा याचा क्रम उलटा होतो. या कामासाठी लावलेला क्रम असा: आधी क्षमता, मग दोन चॅनेल (रॅम आणि प्रोसेसरमधल्या वाटा), मग रँक (एकत्र काम करणारा चिपचा संच) आणि चिपची घडण, त्यानंतर वेग आणि शेवटी सीएल (माहिती मागितल्यापासून ती येईपर्यंतचे घड्याळाचे ठोके). हीटसिंकचा रंग आणि दिवे या क्रमात नाहीतच.

चॅनेलचे महत्त्व या प्रोसेसरवर फार आहे. डीडीआर४चे एक चॅनेल ६४ बिटांचे, म्हणजे एका खेपेला ८ बाइट. २६६६ वेगाला सेकंदाला २१.३ जीबी ही एका स्टिकची कमाल. तीच स्टिक ३२०० ची असती तरी २५.६. पण ३२०० च्या दोन स्टिक दोन चॅनेलमध्ये बसल्या की ५१.२. प्रोसेसरचे सहा कोअर आणि ग्राफिक्स एकाच नळावर पाणी भरत असताना दुसरा नळ सुरू होणे ही वेगातल्या कुठल्याही वाढीपेक्षा मोठी गोष्ट. वेगळे ग्राफिक्स कार्ड असते तर फरक इतका जाणवला नसता.

सीएलबद्दल गैरसमज जास्त. सीएल म्हणजे घड्याळाचे ठोके, वेळ नव्हे. वेळ काढायची तर सीएलला २००० ने गुणून वेगाने भागावे, उत्तर नॅनोसेकंदांत येते. २६६६ सीएल१९ चे १४.२५ येतात, ३२०० सीएल२२ चे १३.७५, ३२०० सीएल१६ चे १० आणि ३६०० सीएल१८ चेही १०. शेवटच्या दोन स्टिकच्या किमतीत बराच फरक असतो, पहिल्या प्रतिसादाच्या वेळेत शून्य. डीडीआर५-४८०० सीएल४० चे १६.७ येतात. तिथे फायदा प्रतिसादाच्या वेळेचा नसून एकूण वहनाचा, म्हणजे सेकंदाला किती माहिती वाहते याचा, असतो.

रँक आणि चिपची घडण मात्र बहुतेक खोक्यांवर लिहिलेली नसते, आणि खरी फसगत इथे होते. साध्या हिरव्या स्टिकच्या लेबलवर १आर×८, २आर×८ किंवा १आर×१६ असे छापलेले असते; पहिला आकडा रँकचा, ×नंतरचा एका चिपच्या बिटरुंदीचा, चिपच्या संख्येचा नव्हे. ८ जीबीची स्टिक ८ गिगाबिटच्या आठ चिप लावून करता येते, ती १आर×८. तीच १६ गिगाबिटच्या चार चिपमध्येही होते, ती १आर×१६. क्षमता, वेग, सीएल सगळे सारखे, पण ×१६ चिपमध्ये बँकांचे, म्हणजे चिपमधल्या मेमरीच्या कप्प्यांचे, गट चाराऐवजी दोनच असतात. एका गटाला उसंत देत दुसऱ्याकडून वाचण्याची सोय निम्मी होते आणि सलग वहन घसरते. म्हणून ८ जीबीच्या स्टिकवर चारच चिप दिसल्या तर ती स्वस्त मिळत असेल तरच घ्यावी. १६ जीबीच्या स्टिकमध्ये ही भीती कमी: त्या बहुधा आठ चिपच्या १आर×८ किंवा सोळा चिपच्या २आर×८ असतात, आणि दोन रँकची मिळाली तर चांगलेच. हीटसिंकखाली काही दिसत नाही. तिथे सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामच्या एसपीडी पानावर ‘रँक्स’ पाहावे. एसपीडी म्हणजे स्टिकवरची छोटी चिप, जिच्यात स्टिकने स्वतःची माहिती साठवलेली असते.

दर कसे लावले

२०२५ मध्ये डीडीआर४चे भाव चढले, कारण मोठ्या उत्पादकांनी आपली क्षमता डीडीआर५ आणि एआयच्या कार्डांना लागणाऱ्या एचबीएम या जलद मेमरीकडे वळवली. त्यामुळे रुपयातले दर आठवड्यात शिळे होतात. तुलनेसाठी ८ जीबीच्या साध्या ३२०० स्टिकचा दर १०० धरला आणि त्याच दिवशी घेतलेली, १८ टक्के जीएसटी धरूनची बाकी कोटेशन त्या मापात बसवली. १६ जीबीची साधी ३२०० सीएल२२ स्टिक १९०. ८ जीबीच्या दोन सीएल१६ स्टिकचा संच २३०. १६ जीबीच्या दोन, ३६०० सीएल१८, दिवे आणि हीटसिंकसह, ५००. जुनी ८ जीबीची स्टिक विकली तर ५० येतील असे धरले.

स्लॉट दोनच असल्यामुळे नुसता जीबीमागचा दर पाहून चालत नाही. स्टिक काढावी लागली तर तिची क्षमता वजा करून ‘वाढीव जीबीमागचा दर’ काढावा लागतो. ८ जीबीच्या संचाचे २३० देऊन वाढ फक्त ८ जीबीची, म्हणजे जीबीमागे जवळजवळ २९. जुनी विकून आलेले ५० वजा केले तरी साडेबावीस. नावाजलेला सीएल१६ संच, पण या प्रकरणात सर्वांत महाग सौदा तोच. १६ च्या दोन साध्या स्टिक ३८० ला, वाढ २४ जीबी, दर १५.८, जुनी वजा जाता १३.७५. दिव्यांच्या संचाचा तोच हिशेब पावणेएकोणीसवर जातो. जुनी ८ तशीच ठेवून शेजारी एक १६ ची घातली तर दर ११.९, सर्वांत कमी.

मग २४ जीबीचा तो पर्याय का नाही निवडला? तो वाईट नाही, आणि पैशाची ओढ असलेल्या दुकानाने खुशाल घ्यावा. ८ आणि १६ एकत्र बसल्या की पहिले १६ जीबी दोन चॅनेलमध्ये चालतात आणि उरलेले ८ एकाच चॅनेलमध्ये. वेग सर्वांत संथ स्टिकचा, म्हणजे २६६६. १७ जीबीच्या गरजेला २२ हाती येतात. अडचण १६ बिटच्या कामाची: कच्च्या रॉ फोटोंवरून थेट १६ बिटमध्ये शीट लावण्याची मागणी या दुकानात वाढत होती, आणि तिथे लेअर दुप्पट होतो.

निर्णय फिरवला तो तिसऱ्या संगणकाने. डिझाइनच्या दोन संगणकांत १६ च्या दोन-दोन स्टिक घातल्या तर त्यांच्या दोन जुन्या ८ च्या स्टिक मोकळ्या होतात. त्यातली एक तिसऱ्या संगणकात घातली की तो एकही पैसा न घालता १६ जीबी आणि दोन चॅनेलचा होतो. दुसरी दुकानात सुटी राहते. बिघाड शोधताना खात्रीची एक स्टिक हाताशी असणे याची किंमत भर सीझनमध्ये विकून येणाऱ्या पैशांपेक्षा जास्त आहे. एकूण हिशेब: २४, २४ आणि १६ साठी ४८० (तिसऱ्यासाठी एक नवी ८ ची धरून), तर ३२, ३२, १६ आणि एक सुटी स्टिक यासाठी ७६०. वरच्या २८० मध्ये १६ बिटचे काम निर्धास्त होते. विक्रेत्याने सुचवलेल्या नव्या डीडीआर५ यंत्रांत एकाच संगणकाचे मोल याच्या कितीतरी वर जात होते. डीडीआर५ची खाच वेगळ्या जागी असल्याने ती या बोर्डात बसत नाही, म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसरही बदलणे आले.

सीएल१६ऐवजी साधी सीएल२२ घेण्याचे कारण फक्त किंमत नव्हते. साधी ३२०० स्टिक १.२ व्होल्टवर, काहीही न करता, स्वतःहून ३२०० ने सुरू होते. सीएल१६ ची स्टिक तिचा छापील वेग एक्सएमपी प्रोफाइल (स्टिकमध्येच साठवलेले जास्त वेगाचे सेटिंग) चालू केल्यावरच दाखवते, तेही १.३५ व्होल्टवर. तोवर ती २१३३, २४०० किंवा २६६६ ने चालते. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात) चालूच न केल्यामुळे वर्षानुवर्षे कमी वेगाने धावणारी महागडी रॅम खूप ठिकाणी सापडते. शिवाय बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला आणि वीज गेली, किंवा बायोस अपडेट केले, की ते सेटिंग पुसले जाते. जिथे तंत्रज्ञ हाकेच्या अंतरावर नाही, तिथे सेटिंगवर अवलंबून नसलेली स्टिक जास्त मोलाची.

बसवणे आणि तपासणे

घेताना चारही स्टिकचे सीरियल क्रमांक वेगवेगळे आहेत ना, ते जीएसटी बिलावर लिहिले आहेत ना, आणि सोनेरी संपर्कपट्ट्यांवर आधी बसवल्याचे ओरखडे नाहीत ना, हे पाहिले. रॅमला अनेक उत्पादक दीर्घ वॉरंटी देतात, पण सीरियलशिवायच्या बिलावर ती मागताना वाद होतो.

बसवताना वीजपुरवठ्याची कळ बंद करून पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवावे, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, मग स्टिकची खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. क्लिप स्वतःहून मिटली पाहिजे. काही बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असते आणि दुसरे टोक अर्धवट राहिलेले लक्षात येत नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा मिनिटभर काळा राहू शकतो. बोर्ड नव्या स्टिकशी वेळा जुळवत असतो, तेव्हा घाबरून वीज तोडू नये.

नंतर रात्रभर मेमटेस्ट८६ या प्रोग्रामने रॅमची चाचणी. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात. निकाल वाचण्याचा नियम कठोर आहे: एकही चूक आली तर स्टिक नापास. ‘एखादी चूक चालते’ हे रॅमच्या बाबतीत खरे नाही. तीच एक चूक उद्या ग्राहकाच्या फोटोत रंगीत पट्टा होऊन उमटते किंवा सेव्ह होणारी पीएसडी खराब करते.

दुसऱ्या संगणकावर चुका आल्या. अशा वेळी लगेच स्टिकला दोष देऊ नये. एका वेळी एकच स्टिक ठेवून, मग स्लॉट बदलून तपासावे. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक सदोष, स्लॉटपाशीच राहिली तर स्लॉट, प्रोसेसरच्या पिना किंवा एका बाजूला जास्त आवळलेला कूलर यांकडे पाहावे. इथे चूक स्टिकबरोबर फिरली. संपर्कपट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा पाहिले. खोडरबरने घासण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण त्याने पातळ सोनेरी थर झिजतो आणि भुगा स्लॉटमध्ये अडकतो. चुका तशाच राहिल्या, स्टिक वॉरंटीत बदलून घेतली, आणि तोवर सुटी ८ ची स्टिक तिच्या जागी बसवून काम चालू राहिले.

तिसऱ्या संगणकात वेगळाच प्रकार निघाला. एकाच उत्पादकाच्या, एकाच मॉडेल क्रमांकाच्या दोन जुन्या स्टिक, पण एकीवर आठ चिप, दुसरीवर चार. उत्पादक नाव न बदलता आतल्या चिप बदलतात, म्हणून जुने परीक्षण वाचून तेच मॉडेल घेतले तरी तीच रॅम मिळेल याची हमी नसते. दोन्ही एकत्र चालल्या, बोर्डाने दोघींना झेपतील अशा सैल वेळा लावल्या, चाचणी निर्दोष गेली. हिशेब आणि पत्रिकांच्या कामाला ते पुरेसे आहे. इथे ग्राफिक्सचा राखीव वाटा ५१२ एमबीवर आणला.

काय बदलले, काय नाही

डिझाइनच्या संगणकांवर टास्क मॅनेजर आता ३२०० आणि २ पैकी २ स्लॉट दाखवतो. एडा६४ या मोजणीच्या प्रोग्रामच्या रॅमवाचन चाचणीत आधी सुमारे २० जीबी प्रतिसेकंद येत होते, आता ४६ च्या घरात. कामात मोजले ते असे: तीच शीट, तीच पावले, संगणक नव्याने सुरू करून, पहिली वेळ सोडून देऊन. एफिशियन्सी दोन शीट उघड्या असतानाही १०० वर टिकली, स्क्रॅचचा संदेश बंद झाला. लेअर सरकवणे, हिस्टरीत मागे जाणे, लिक्विफाय आणि झूम यांत फरक हाताला जाणवतो.

पीएसडी सेव्ह होण्याच्या वेळेत मात्र नाव घेण्यासारखा फरक नाही. तो वेळ फाइल दाबण्यात जातो आणि ते काम बहुतांशी एकाच कोअरवर चालते. फोटोशॉपच्या फाइल हँडलिंगच्या सेटिंगमध्ये पीएसडीचे कॉम्प्रेशन बंद केले तेव्हा सेव्ह लवकर होऊ लागले, फाइल मात्र मोठी झाली. २५६ जीबीच्या एसएसडीवर ते फार दिवस परवडणारे नाही. जुनी लग्ने बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवून सध्या ६० जीबी मोकळे ठेवले आहेत. या दुकानाचा पुढचा खर्च रॅमवर नव्हे, १ टीबीच्या एसएसडीवर व्हायला हवा.